गाठीतली जनुकं मोजण्याआधी चरबी मोजा

आमच्या लॅबमध्ये एकदा माझ्या निकालावर समोसे आले होते. रसायन देऊन उंदरांच्या स्तनग्रंथीत तयार केलेल्या गाठी आणि निरोगी ग्रंथी यांच्या आरएनएची (कोणतं जनुक किती चालू आहे हे ज्यावरून कळतं त्याची) तुलना मी पहिल्यांदाच शेवटापर्यंत नेली होती. गाठीत केराटिन ८ हे ग्रंथीच्या अस्तरपेशींचं जनुक अकरा पट, सायक्लिन डी१ हे पेशीविभाजनाचं नऊ पट. अ‍ॅडिपोनेक्टिन हे चरबीच्या पेशींचं जनुक तर जवळजवळ गायब. सर खूश, मी त्याहून खूश. तीन दिवसांनी पॅथॉलॉजीच्या मॅडम आल्या, निरोगी ग्रंथीची स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवून दोन मिनिटं इकडेतिकडे सरकवली आणि म्हणाल्या, "अगं, यात ग्रंथी कुठंय? ही तर सगळी चरबी आहे."

पोस्टर छापून झालं होतं. ते गुंडाळून कपाटावर टाकलं.

त्यानंतर मी हेच काम बरीच वर्षं केलं. दर जूनमध्ये नवी मुलं येतात, किट उघडतात, प्रोटोकॉल छापून भिंतीला चिकटवतात आणि मी केलेलीच चूक नव्यानं करतात. त्यांना तोंडी जे सांगते ते इथं लिहून ठेवते आहे. किटच्या पुस्तिकेत जे आहे ते पुन्हा लिहीत नाही.

एक खुलासा आधीच. मराठीत रॅट काय, माउस काय, दोघंही उंदीरच. या लेखात उंदीर म्हणजे रॅट. माउसबद्दल बोलायचं असेल तेव्हा माउसच म्हणेन. दोघांत फरक आहे. रॅटला स्तनग्रंथींच्या सहा जोड्या असतात, माउसला पाच. आणि रॅटमध्ये रसायनानं होणाऱ्या गाठी बऱ्याचशा संप्रेरकांवर वाढतात, म्हणून तर त्यांचा इतका अभ्यास झाला.

कोणतं रसायन, आणि त्यानं काय बदलतं

दोन रसायनं नेहमीची. पहिलं डीएमबीए (डायमिथाइलबेंझअँथ्रासीन). चार्ल्स हगिन्स यांनी १९६१ साली दाखवलं, की सुमारे ५० दिवसांच्या, स्प्रेग-डॉली जातीच्या मादीला याचा एकच डोस तोंडानं दिला, की काही आठवड्यांत स्तनग्रंथीत गाठी येतात. नेहमीचा डोस २० मिलिग्रॅम, तोही तिळाच्या तेलात. दुसरं एनएमयू (नायट्रोसोमिथाइलयुरिया). पिएत्रो गुलिनो आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ते पुढं आणलं. वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅम, इंजेक्शननं.

दोघांच्या स्वभावात फरक आहे आणि तो तुमच्या जनुकांच्या यादीत उतरतो. डीएमबीए स्वतः निष्क्रिय असतं. शरीरातली सीवायपी१ए१, सीवायपी१बी१ ही एन्झाइम्स त्याला सक्रिय करतात. म्हणजे डीएमबीएसोबत तुम्ही एखादं औषध किंवा वनस्पतीचा अर्क देत असाल आणि गाठी कमी आल्या, तर दोन शक्यता उरतात: अर्कानं गाठीवर काम केलं, किंवा यकृतातली एन्झाइम्स बदलून डीएमबीए सक्रियच होऊ दिलं नाही. हळद, तुळस, आवळा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा प्रश्न विचारते. एनएमयूला सक्रिय व्हायला एन्झाइम लागत नाही, त्यामुळे ही भानगड तिथं नाही. पण ते पाण्यात पटकन विघटित होतं. किंचित आम्ल केलेल्या सलाइनमध्ये ऐनवेळी विरघळवायचं आणि लगेच द्यायचं. बनवून ठेवल्यानं विघटित झालेल्या एनएमयूनं गाठी येत नाहीत आणि मग "आमचे उंदीर प्रतिकारक आहेत" असं म्हणायची पाळी येते. खरोखर प्रतिकारक जाती आहेत, कोपनहेगन ही त्यातली प्रसिद्ध. पण तुमच्या पिंजऱ्यात ती नसते.

एनएमयूच्या गाठींत एचआरएएस या पेशीवाढीच्या जनुकाच्या १२व्या कोडॉनमध्ये (तीन अक्षरी शब्दात) जी या अक्षराचा ए झालेला वारंवार सापडतो. हे शोधणाऱ्यांत सरस्वती सुकुमार होत्या. शिक्षण मुंबईत, आणि १९८३ चा तो निबंध अमेरिकेत मारियानो बार्बासिड यांच्यासोबतचा. बरीच वर्षं सगळे मानत होते की हा बदल एनएमयूच घडवतं. १९९४ मध्ये हेल्मुट झार्बल यांच्या गटानं दाखवलं, की असे बदल झालेल्या पेशी काही ग्रंथींत आधीपासूनच असतात आणि एनएमयू दिल्यावर त्यांना वाढायची संधी मिळते. मला हा निकाल फार आवडतो. आपण "रसायनानं घडवलेली गाठ" असं सहज म्हणतो, आणि तिचं बी आधीच पडलेलं असतं. कामापुरतं सांगायचं तर प्रत्येक गाठीच्या डीएनएचाही एक छोटा नमुना ठेवा. एचआरएएस बदललेल्या आणि न बदललेल्या गाठी एकाच ढिगात टाकल्या तर आकडे पसरतात आणि पसरण्याचं कारण कळत नाही.

दोन्ही रसायनं हाताळणाऱ्यालाही कर्करोग देऊ शकतात. फ्यूम हूड, दुहेरी ग्लोव्ह्ज, डोस दिल्यानंतरच्या दिवसांतला पिंजऱ्यातला भुसा वेगळ्या पिशवीत. आणि प्राण्यांच्या नैतिक समितीची मंजुरी हातात येईपर्यंत बाटलीचं सीलसुद्धा फोडायचं नाही. यावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीला पूर्वी सीपीसीएसईए म्हणायचे, आता सीसीएसईए. नाव बदललं, फॉर्मची जाडी तीच. गाठ किती मोठी झाल्यावर थांबायचं हे त्या मंजुरीत लिहिलेलं असतं. ते तुमच्या सोयीनं पुढं ढकलता येत नाही.

वही

डोसनंतर चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा बोटांनी चाचपायचं. प्रत्येक उंदरासाठी वहीत एक पान आणि त्यावर पोटाकडून दिसणारं उंदराचं रेखाचित्र, बारा ग्रंथींच्या जागा आखलेल्या. गाठ लागली की तिथं टिंब, तारीख, कॅलिपरचं माप. हे पान नसेल तर शेवटच्या दिवशी पाच गाठींपैकी पहिली कोणती आणि कालची कोणती हे सांगता येत नाही.

ग्रंथी छातीच्या मधोमध नसतात, मानेपासून जांघेपर्यंत आणि बगलेतून बरगडीच्या बाजूला पसरलेल्या असतात. त्यामुळे गाठ अनपेक्षित जागी लागते. पण डीएमबीएच्या उंदरात कानाखाली फुगवटा दिसला तर थांबा. ती झिंबल ग्रंथीची गाठ असू शकते, कानाच्या नळीजवळच्या तेलग्रंथीची. डीएमबीए तीही करतं. आमच्याकडे एका मुलानं तशी एक गाठ "मानेची स्तनगाठ" म्हणून आरएनएपर्यंत नेली होती. केसीन (दुधाचं प्रथिन) शून्य, ईस्ट्रोजेन रिसेप्टर नाही, तो आठवडाभर "ट्रिपल निगेटिव्ह" (तिन्ही नेहमीचे रिसेप्टर नसलेला स्तनकर्करोग) म्हणत आनंदात होता.

वहीत आणखी एक रकाना हवा: संप्रेरकचक्र. उंदराचं चक्र चार-पाच दिवसांचं. ड्रॉपरनं थोडं सलाइन घालून योनीचा स्मिअर घ्यायचा आणि काचेवर बघायचा. गोल, केंद्रक असलेल्या पेशी म्हणजे प्रोइस्ट्रस, कॉर्नफ्लेक्ससारख्या केंद्रक नसलेल्या पेशी म्हणजे इस्ट्रस, नुसत्या पांढऱ्या पेशी म्हणजे डायइस्ट्रस. प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर, अ‍ॅम्फिरेग्युलिन ही जनुकं ईस्ट्रोजेनच्या तालावर वरखाली होतात. एका गटातले उंदीर योगायोगानं इस्ट्रसमध्ये आणि दुसऱ्यातले डायइस्ट्रसमध्ये असले, तर तुम्हाला "औषधाचा परिणाम" फुकटात मिळेल. शक्य असेल तर सगळे डायइस्ट्रसमध्ये घ्या. नसेल तर निदान टप्पा लिहा.

ऊती काढायचा दिवस

सगळं काम या दिवशी जमतं किंवा बिघडतं. नंतर कितीही महागडं यंत्र आणा, इथं हुकलेलं परत येत नाही.

आदल्या संध्याकाळी नळ्यांवर नावं लिहा. द्रव नायट्रोजन आलंय का बघा. आमचा सिलिंडर ज्या दिवशी हवा त्याच्या दुसऱ्या दिवशी यायचा, म्हणून मी तारीखच एक दिवस अलीकडची सांगायला लागले. उंदरांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. नियंत्रण गट सकाळी, गाठीवाले दुपारी असं केलंत तर शरीरातल्या घड्याळाची जनुकं तुमच्या यादीत वर येऊन बसतील. मी दहा ते साडेबारा एवढाच वेळ घेते, आणि दोन दिवस लागले तर दोन दिवस, पण दोन्ही दिवशी दोन्ही गट.

प्राणी मेल्यापासून तुकडा नायट्रोजनमध्ये पडेपर्यंत किती मिनिटं गेली हे प्रत्येक नळीसाठी लिहायचं. रक्तपुरवठा थांबला की पेशी मरेपर्यंत गप्प बसत नाहीत. फॉस, जुन यांसारखी जनुकं काही मिनिटांतच उसळी घेतात. पाच गाठींच्या उंदरात पहिली गाठ दोन मिनिटांत निघते, पाचवी पंधराव्या मिनिटाला. त्या दोघींत जो फरक दिसेल त्यातला काही भाग नुसत्या उशिराचा आहे.

गाठ काढली की आधी मधोमध चिरा. अर्धी फॉर्मलिनमध्ये, अर्धी आरएनएसाठी. या अर्ध्याअर्ध्याला पर्याय नाही. कारण प्रत्येक गाठ कार्सिनोमा, म्हणजे कर्करोगाची, नसते, फायब्रोअ‍ॅडेनोमा या तंतुमय, सौम्य गाठीही निघतात, आणि स्प्रेग-डॉली माद्यांना वय वाढलं की त्या आपोआपही होतात. बाहेरून हात लावून सांगता येत नाही. एखादी फायब्रोअ‍ॅडेनोमा कार्सिनोमांच्या गटात घुसली तर कोलॅजनची जनुकं अशी फुगतात की "आक्रमक स्ट्रोमा" (पेशींना आधार देणारी ऊती) वगैरे शीर्षकं सुचायला लागतात.

आरएनएच्या अर्ध्यातलाही मधला भाग घेऊ नका. मोठ्या गाठीचा गाभा मेलेला असतो, राखाडी, दह्यासारखा भुसभुशीत. कडेचा गुलाबी, घट्ट भाग घ्या. गाठींचं माप साधारण सारखं ठेवा. अडीच सेंटिमीटरची गाठ आणि अर्ध्या सेंटिमीटरची गाठ यांत ऑक्सिजनच्या कमतरतेची जनुकंच वेगळी बोलतात.

लगेच गोठवायचं असेल तर पातळ तुकडे करून नायट्रोजन. आरएनएलेटर (आरएनए टिकवणारं द्रव) वापरत असाल तर तुकड्याची एक तरी बाजू अर्ध्या सेंटिमीटरहून कमी हवी, नाहीतर द्रव आत पोचत नाही आणि मधला भाग तसाच नासतो. रात्रभर चार अंशांवर, मग ऊणे ऐंशी.

आता निरोगी ग्रंथी. ती कातडीला आतून चिकटलेली, फिकट, पसरट असते. पोटाजवळची ग्रंथी काढताना तिथली लसिकाग्रंथी काढून टाका, वाटाण्याएवढी, करड्या रंगाची. ती राहिली तर तुमची निरोगी ग्रंथी टी-पेशींच्या जनुकांनी भरून जाते आणि गाठीत प्रतिकारशक्ती "दबली" असा निष्कर्ष निघतो. जागाही जुळवा. गाठी छातीच्या भागातल्या ग्रंथींत जास्त येतात. छातीच्या गाठीसमोर जांघेची निरोगी ग्रंथी ठेवू नका. आणि दुसऱ्या बाजूची तीच ग्रंथी काचेवर पसरवून कार्माइन अ‍ॅलमनं रंगवा. लाल झाडासारख्या नलिका आणि भोवती रिकामी, पारदर्शक चरबी. ते एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढचा भाग मला समजवावा लागत नाही.

तुलना कोणाशी

समजा, निरोगी तुकड्यातल्या आरएनएपैकी १० टक्के एपिथेलियल पेशींचा (नलिकांचं अस्तर असलेल्या), बाकीचा चरबीचा. गाठीत एपिथेलियल ८० टक्के. एक जनुक घ्या, जे फक्त एपिथेलियल पेशींत असतं आणि कर्करोगानं ज्याला काहीही झालेलं नाही, दर पेशीमागे अगदी पूर्वीइतकंच. तुमच्या क्यूपीसीआर यंत्रावर (जे दर फेरीला प्रती दुप्पट करत जनुक मोजतं) ते आठ पट वाढलेलं दिसेल. सीटीमध्ये, म्हणजे जनुक दिसायला लागायच्या फेरीत, बरोबर तीनचा फरक, पी-व्हॅल्यू डोळे दिपवणारी. उलट चरबीचं जनुक ९० वरून २० वर येईल, साडेचार पट घटलेलं. जनुकं वरही नाही गेली, खालीही नाही. फक्त पेशींचं प्रमाण बदललं.

माझी समोसेवाली यादी हीच होती. केराटिन ८ अकरा पट, सायक्लिन डी१ नऊ पट. नऊला अकरानं भागलं की ०.८ उरतात.

पण इथं दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. केराटिननं भागणं म्हणजे दर पेशीमागे केराटिन तेवढंच राहतं असं गृहीत धरणं, आणि गाठीत तेही हललेलं असू शकतं. सायक्लिन डी१ या गाठींत वाढतं हे इतरांच्या कामातून चांगलं माहीत आहे. आम्ही नंतर एपिथेलियल पेशी वेगळ्या करून मोजलं तेव्हा वाढ निघाली, दोन-अडीच पट. नऊ पट नव्हे.

मग करायचं काय? मी हे करते. प्रत्येक नमुन्यात, कोणतंही जनुक मोजायचं असो, आधी पेशींची हजेरी घेते. चरबीसाठी अ‍ॅडिपोक्यू (अ‍ॅडिपोनेक्टिनचं जनुक) आणि एफएबीपी४. आतल्या थराच्या एपिथेलियल पेशींसाठी केआरटी८, केआरटी१८. बाहेरच्या थरासाठी केआरटी१४. रक्तातल्या पांढऱ्या पेशींसाठी पीटीपीआरसी. सहा जनुकं, एक प्लेट. हे आकडे पहिल्या तक्त्यात छापते, मग बाकीचं. ज्या निरोगी नमुन्यात एपिथेलियल जनुकं जवळजवळ नाहीतच, तो नमुना बाद. त्याचा निकष प्रयोगाआधी वहीत लिहिलेला हवा, नाहीतर नकोसे नमुने बाद करण्याचा मोह होतो.

ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनी कोलॅजिनेजनं ऊती विरघळवून एपिथेलियल गुच्छ वेगळे करावेत. पण ३७ अंशांवर तासभर किंवा जास्त ढवळलेल्या पेशी घाबरलेल्या असतात, ताणाची जनुकं वर येतात. म्हणून गाठीलाही तीच वागणूक द्या, तितकाच वेळ. एक बाजू विरघळवलेली आणि दुसरी थेट गोठवलेली असं चालत नाही. लेझरनं स्लाइडवरून पेशी कापून घेणं सगळ्यांत स्वच्छ, पण आरएनए नखाएवढाही मिळत नाही आणि यंत्राच्या वेळेसाठी रांग लावावी लागते. गर्भार मादीची ग्रंथी हीसुद्धा चांगली सोबत आहे. तिच्यात एपिथेलियम भरपूर आणि पेशी जोरात वाढत असतात, त्यामुळे "वाढ" आणि "कर्करोग" वेगळे करायला मदत होते. फक्त बीटा-केसीन तिथं आकाशाला भिडलेलं असेल, त्याला घाबरू नका.

आणि निरोगी म्हणजे कोणाची? गाठवाल्या उंदराच्याच शरीरातल्या दुसऱ्या ग्रंथीलाही रसायन मिळालेलं असतं. ती दिसायला स्वच्छ, आतून नसेल. मी नुसतं तेल किंवा नुसतं सलाइन दिलेल्या, त्याच वयाच्या माद्या ठेवते. दोन्ही ठेवता आल्या तर उत्तम.

गाठ विरुद्ध गाठ, म्हणजे औषध दिलेली आणि न दिलेली, ही तुलना या सगळ्यापेक्षा बरी. पण तिथंही सापळा आहेच. या गाठी बऱ्याचदा संप्रेरकांवर जगतात. अंडाशय काढले की आक्रसतात. क्रेग जॉर्डन यांनी १९७० च्या दशकात टॅमॉक्सिफेनचं काम डीएमबीएच्या उंदरांवरच केलं, ते याच गुणामुळे. आक्रसणाऱ्या गाठीत एपिथेलियम कमी होतं, तंतू आणि मॅक्रोफेज (मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी) उरतात. मग प्रमाण पुन्हा बदललं. हजेरी पुन्हा घ्या.

आरएनए

इथं फार बोलत नाही. खलबत्ता नायट्रोजननं थंड करून तुकडा कुटा, पीठ झालं की ट्रायझॉल, म्हणजे आरएनए काढायचं द्रव. गाठीचे ५० मिलिग्रॅम पुरतात. निरोगी ग्रंथी २०० तरी घ्या आणि दोन-तीन नळ्यांत वाटा, कारण त्यात आरएनए कमी आणि चरबी जास्त. क्लोरोफॉर्म घालण्याआधी एकदा चार अंशांवर १२,००० जी ला दहा मिनिटं फिरवा. वर चरबीचा थर दुधावरच्या सायीसारखा जमतो. टिप त्यातून हळूच खाली घालून मधला स्वच्छ भाग ओढून घ्या. ही एक पायरी गाळल्यामुळे जितके नमुने वाया गेलेले मी पाहिलेत तितके आरएनेजमुळेही (आरएनए तोडणाऱ्या एन्झाइममुळेही) नाहीत.

२६०/२८० (त्या दोन तरंगलांब्यांवरच्या प्रकाशशोषणाचं गुणोत्तर, शुद्धतेसाठी) दोनच्या आसपास हवं. २६०/२३० एकच्या खाली असेल तर ट्रायझॉलमधलं ग्वानिडिन राहिलंय, इथेनॉलनं आणखी एकदा धुवा. पण हे दोन्ही आकडे सुंदर असूनही आरएनए तुकडे-तुकडे झालेला असू शकतो. आरआयएन (आरएनए किती अखंड आहे त्याचा आकडा) बघा. मी सातच्या खालचा घेत नाही, आणि दोन गटांच्या आरआयएनमध्ये पद्धतशीर फरक असेल तर सातच्या वरचाही घेत नाही. डीएनेज (उरलेला डीएनए तोडणारं एन्झाइम) द्याच.

प्लेट

ज्या स्थिर जनुकाशी बाकीची तोलायची ते म्हणून गॅपडीएच घेऊ नका. सगळे घेतात, मीही घ्यायचे. गाठी ग्लुकोज जोरात जाळतात आणि गॅपडीएच हे त्याच वाटेवरचं एन्झाइम. स्थिर म्हणून जी मोजपट्टी धरली तीच गाठीत लांब झाली तर बाकी सगळं आखूड दिसणार. शिवाय त्याच्या खोट्या प्रती जीनोमभर विखुरलेल्या आहेत, त्यामुळे डीएनए राहिला तर तोही मोजला जातो. एचपीआरटी१, टीबीपी, पीपीआयए, आरपीएलपी० अशी सहा-आठ उमेदवार जनुकं दोन्ही गटांच्या मिळून दहा-बारा नमुन्यांवर चालवा आणि त्यांतली स्थिर कोणती ते जीनॉर्मनं निवडा. व्हँडेसोम्पेले यांची ती पद्धत २००२ ची आहे. किमान दोन-तीन जनुकांचा भौमितिक मध्य घ्या.

प्रायमर (मोजायचा तुकडा ठरवणारे छोटे डीएनए) दोन एक्सॉनच्या, म्हणजे जनुकातल्या आरएनएत राहणाऱ्या भागांच्या, सांध्यावर, तुकडा ७० ते १५० बेसचा. पाच पायऱ्यांची विरळ मालिका करून उतार काढा. -३.३२ म्हणजे दर फेरीला दुप्पट. -३.१ ते -३.६ पर्यंत चालतं. याच्या बाहेर असेल तर लिव्हॅक-श्मिटगेनचं २००१ चं सूत्र लावू नका, ते कार्यक्षमता १०० टक्के धरून चालतं. फाफल यांचं त्याच वर्षीचं सूत्र लावा. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली विहीर प्रत्येक नमुन्यासाठी. एका प्लेटवर दोन्ही गट मिसळून.

संख्याशास्त्र डेल्टा-सीटीवर (जनुकाच्या सीटीतून स्थिर जनुकांची सीटी वजा करून) करा. पटींमध्ये बदललेले आकडे एका बाजूला ताणलेले असतात, त्यांवर टी-टेस्ट लावली की एक उंदीर सगळा निकाल ठरवतो. आणि पाच गाठींचा एक उंदीर म्हणजे पाच उंदीर नव्हेत. त्या पाचही गाठी एकाच रक्तातले संप्रेरक पितात. एकतर प्रत्येक उंदराची कोणती गाठ घ्यायची हे आधी ठरवा (मी सगळ्यांत आधी हाताला लागलेली घेते, वहीचं पान त्यासाठीच), किंवा मिश्र मॉडेल (एकाच उंदरातल्या गाठींचं नातं धरून चालणारं) लावणाऱ्या माणसाला चहा पाजा.

सगळी जनुकं एकदम मोजणाऱ्यांना, म्हणजे आरएनए-सीक्वेन्सिंगवाल्यांना, वरचं सगळं लागू आहेच. चरबीचं प्रमाण तिथं शेकडो जनुकांत एकदम दिसतं आणि पाथवेच्या यादीत "लिपिड चयापचय" पहिल्या नंबरावर येतं. तो शोध नसतो. उंदराच्या जीनोमची कोणती आवृत्ती वापरली ते लिहून ठेवा, आरनॉर ६.० की २०२० ची एमरॅटबीएन७.२. दोन आवृत्त्यांचे तक्ते शेजारी ठेवून जुळवू नका. आणि जनुकांची नावं एक्सेलमध्ये उघडताना त्या रकान्याला आधी टेक्स्ट करा. मार्च१ आणि सेप्ट२ या जनुकांच्या तारखा झालेल्या फाइली मी प्रबंधातसुद्धा पाहिल्या आहेत. माणसाच्या जनुकांची ती नावं तर २०२० मध्ये याच त्रासामुळे बदलावी लागली.

माणसाच्या कर्करोगाशी नातं जोडताना

इथं हात आखडता घ्या. एनएमयूच्या गाठींचा जनुकपट ईस्ट्रोजेन रिसेप्टर असलेल्या, कमी आक्रमक मानवी स्तनकर्करोगाशी बऱ्यापैकी जुळतो. केआरटी८, केआरटी१८ आणि ईस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरची जनुकं ईएसआर१, पीजीआर तिथं सापडतात. पण या गाठी क्वचितच दूर पसरतात, आणि एचआरएएसमधला जो बदल यांच्यात वारंवार दिसतो तो मानवी स्तनकर्करोगात विरळा. म्हणून मेटास्टॅसिसचा प्रश्न घेऊन या मॉडेलकडे येणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवते.

एमकेआय६७, टॉप२ए यांसारखी विभाजनाची जनुकं वाढलेली दिसली तर त्यांत नवल नाही. निरोगी ग्रंथी शांत असते, गाठ वाढत असते. तेवढ्यासाठी सीक्वेन्सिंगचं बिल करायचं नाही, की-६७ (एमकेआय६७ चं प्रथिन) चा रंग स्लाइडवर दिला की दिसतं. ज्या जनुकावर तुमचा निबंध उभा आहे त्याचं प्रथिन मात्र त्याच गाठीच्या फॉर्मलिनमधल्या अर्ध्या तुकड्यावर नक्की रंगवा. कोणत्या पेशीत ते आहे हे आरएनए सांगत नाही, स्लाइड सांगते. आमच्याकडे गाठीत चार पट वाढलेलं एक जनुक रंगवल्यावर सगळंच्या सगळं मॅक्रोफेजमध्ये निघालं. निबंध पडला नाही, शीर्षक बदललं.

नळीवर उंदराचा नंबर, ग्रंथीची जागा (डावी-उजवी आणि कितवी), तारीख आणि मिनिटं, एवढं पेन्सिलीनं, कागदाच्या चिठ्ठीवर, आत. बाहेरची मार्करची शाई नायट्रोजनमध्ये निघून जाते. प्रत्येक गाठीचा एक तुकडा न वापरता दुसऱ्या फ्रीझरमध्ये, दुसऱ्या वीजजोडणीवर ठेवा. माझे समोसेवाले नमुने तसेच ठेवलेले होते, म्हणून मॅडम स्लाइड बघून गेल्यावर मला पेशींची हजेरी घेता आली.